तुंबण्याचं खापर पिशवीवर

मुंबईत भायखळ्यात पाणी भरलं की एक मत हमखास कानावर येतं. लोक प्लास्टिकच्या पिशव्या गटारात टाकतात, म्हणून शहर तुंबतं. लोकांना शिस्त लावा, नाले वेळेवर उपसा, पूर संपला. हे मत मांडणाऱ्यांचं बोट नेहमी चाळींकडे आणि झोपड्यांकडे जातं, टॉवरच्या काँक्रीटच्या आवाराकडे कधीच जात नाही.

गटारात कचरा टाकू नये, नालेसफाई मेअखेर व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण तेवढ्यानं पूर संपेल हा दावा जमिनीची पातळी न बघता केलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या बांधानं वरळीची खिंड बुजवेपर्यंत भरतीचं पाणी भायखळ्याच्या सखल भागात शिरत असे. बांधानं समुद्र अडवला, जमीन मात्र होती तितकीच खाली राहिली. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या शहराच्या 186 पातमुखांपैकी जेमतेम 6 भरतीच्या पातळीच्या वर आहेत. बाकीची मोठ्या भरतीत पाणी बाहेर सोडू शकत नाहीत, आणि दारं नसतील तिथे समुद्रच आत येतो. अशा वेळी गटार लख्ख असलं तरी पाणी जाणार कुठे? शिवाय जुन्या वाहिन्या ताशी 25 मिमी पावसासाठी आखलेल्या, तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या 1993च्या ब्रिमस्टोवॅड आराखड्यानं ताशी 50 मिमीची क्षमता सुचवली आणि मुरणारं पाणी हिशेबातून काढूनच टाकलं. शहरानं माती झाकून टाकल्याची ती कबुली होती. तिची लाज कुणालाच वाटली नाही. 5 ऑगस्ट 2020च्या पावसात कुलाब्याला चोवीस तासांत 331.8 मिमी नोंद झाली आणि मशीद ते भायखळा या पट्ट्यात लोकल पाण्यात अडकल्या. राज्यात प्लास्टिकबंदी लागू होऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. बंदी नीट पाळली गेली नाही, असं यावर म्हटलं जाईल. खरं आहे, पण ती तंतोतंत पाळली असती तरी भरती थांबली नसती.

पंप आहेत ना, असं कुणी विचारेल. रे रोडचं ब्रिटानिया उदंचन केंद्र हवंच, पण पंप त्याच्यापर्यंत पोचलेलंच पाणी उपसतो.

पाणी मुरायला उघडी माती हवी, म्हणून इथे कापड गिरण्यांच्या जमिनींचा जुना वाद पुन्हा काढावाच लागतो. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमानं या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी राखला होता. 2001च्या बदलानं तो हिस्सा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेवर मोजायचा ठरला; शेडनी भरलेल्या गिरणीत रिकामी जागा असते किती? बदल न्यायालयात टिकला, पण पाणी मुरायला जी माती मिळाली असती ती कायमची गेली. तेव्हा गप्प राहिलेलेच आज पिशव्या मोजत आहेत.

करायचं काय? दादर-परळला हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी साठवायला मैदान-उद्यानांखाली टाक्या बांधल्या, तशी सोय भायखळ्यातही लागेल. राणीच्या बागेची माती माती म्हणूनच राहावी, तिथे आणखी फरसबंदी नको. आणि नव्या इमारतीच्या मालकाला आधी विचारावं, की ओहोटी लागेपर्यंत तुमच्या गच्चीवरचं आणि आवारातलं पाणी तुम्ही कुठे ठेवणार? नकाशात याचं उत्तर नसेल, तर परवानगी देऊ नये.