हातगाडीवरचे मांस आणि लवंगेचा अर्क

मे २०२२ मध्ये केरळातील चेरुवत्तूर येथे शॉर्मा खाऊन एका विद्यार्थिनीचा अंत झाला. तपासणीत शिगेला हा जंतू आढळला. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला १९ वर्षांचा तरुण चिकन शॉर्मा खाल्ल्यानंतर दगावला आणि दोन विक्रेत्यांना अटक झाली. अटक झाली की प्रश्न सुटला, असे मानण्याची आपली जुनी खोड आहे.

सळईवर रचलेले मांस बाहेरून खरपूस होते, आतले थर मात्र तासन् तास कोमट राहतात. ५ ते ६० अंश सेल्सियस ही जंतूंच्या भरभराटीची अवस्था होय. पुन्हा निखाऱ्यावर धरले की सारे शुद्ध झाले, ही समजूतही फोल आहे. स्टॅफिलोकोकस जंतू आचेने मरतो, पण त्याने आधीच सोडलेले विष उकळूनही टिकते.

यावर औषधी वनस्पतींचे अर्क हा उपाय वारंवार सुचविला जातो. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल ही द्रव्ये जंतुनाशक आहेत, यात वाद नाही. तथापि प्रयोगशाळेतील थाळीत अर्काभोवती उमटणारे स्वच्छ वर्तुळ म्हणजे कबाब नव्हे. मांसातील स्निग्धांश व प्रथिने अर्काचा प्रभाव क्षीण करतात. मात्रा वाढवावी तर घास तोंडात धरवत नाही. शिवाय मसाल्यातच बॅसिलस सेरियसचे बीजाणू असू शकतात. आणि लवंगेचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला बर्फ स्वस्तच वाटेल!

मग तो बर्फ गाडीवर का नसतो? बर्फ, स्वच्छ पाणी आणि उरलेला माल फेकून देणे, हे तिन्ही खर्च विक्रेत्याचे. त्यांचा लाभ मात्र गिऱ्हाइकाला, आणि तोही त्याच्या डोळ्यांना न दिसणारा. शेजारच्या दोन गाड्यांचा धूर सारखाच, वासही सारखाच. साहजिकच गर्दी स्वस्त गाडीपुढे होते. जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली हेच दाखवून दिले होते: पारख करता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो.

जानेवारी २०२३ मध्ये केरळने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली आणि बांधून दिलेल्या अन्नावर ते केव्हा बनविले व केव्हापर्यंत खावे, याची चिठ्ठी सक्तीची केली. निदान वेळ तरी त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसू लागते. महाराष्ट्राने ही चिठ्ठी उचलावी. मात्र नळ आणि शीतपेटी यांना ठरलेली जागा लागते. फेरीवाल्यांना विक्री प्रमाणपत्र देण्याचा कायदा २०१४ सालचा आहे. संध्याकाळी पालिकेची गाडी दिसताच ज्याला पळावे लागते, तो शीतपेटीत पैसे कशाला गुंतवील?