आधी कॉलेज पाहा, मग फी भरा



बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. पोरांचे कॉलेज मात्र न पाहताच घेतो! बारावीचा निकाल लागला की जिंतूरच्या स्टँडवर हेच चित्र दिसते.

आमच्या घरचेच सांगते. थोरल्या पुतणीचा फॉर्म ऐकीव माहितीवर भरला. होस्टेल मिळेल असे कुणी सांगितले होते, मिळाले नाही. भाड्याची खोली कॉलेजपासून लांब, रोज रिक्षाचा खर्च. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. वर्ष गेले, आणि लगेच लग्नाची बोलणी सुरू झाली.

म्हणून यंदा धाकटीला घेऊन आधी पाहायला गेलो. मंठा, जालना करीत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले पूर्वीचे औरंगाबाद. लोक तिथे पाणचक्की, मकबरा पाहून परततात. त्याच अंगाला नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली काढलेले मिलिंद कॉलेज तिथेच. तेव्हा मराठवाड्यातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहणे संपले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या नावापायी १९७८ साली आपल्याच मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली होती. धाकटीला हे ठाऊक नव्हते. ऐकून ती गेटपाशी बराच वेळ उभी राहिली.

देवगिरी आणि सरस्वती भुवनही पाहिले. तुम्ही गेलात तर नुसत्या इमारती पाहू नका. मेसमध्ये एक वेळ जेवा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, ते विचारा. ऑफिसात शिष्यवृत्तीची आणि दाखल्यांची यादी लिहून घ्या. मुलींच्या होस्टेलवर आईलाच पाठवा; बापाला जे दिसत नाही ते तिला दिसते.

शेतकीच शिकायची असेल तर एवढे लांब कशाला? परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. आणि आपला जिल्हा आता नांदेडच्या विद्यापीठाकडे आहे, तेही ध्यानात ठेवा.

परतीची शेवटची गाडी विचारायला मात्र आम्ही विसरलो. रात्र जालन्याच्या स्टँडवर काढली. भाकरीचे फडके सोडता सोडता धाकटी म्हणाली, "काकू, मला मिलिंदच. पण होस्टेल मिळाले तरच फी भरू हं."