बदलूसिंग आणि मोमिनाबादची छावणी

२३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावरील चढाईत जोधपूर लान्सर्सचे मेजर दलपतसिंग धारातीर्थी पडले. दिल्लीच्या चौकातील तीन पुतळ्यांमुळे ही कथा आता बहुतेक सुशिक्षितांच्या कानावर आहे. त्याच दिवशी जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावर रिसालदार बदलूसिंग यांनी देह ठेवला, त्यांचे नाव मात्र आमच्याकडे क्वचितच निघते. तेलगावहून धारूरचा घाट चढून अंबाजोगाईस जाणाऱ्याने तरी ते विसरू नये.

बदलूसिंग रोहतककडचे जाट. मूळचे चौदाव्या जाट लान्सर्सचे. लढले ते एकोणतिसाव्या लान्सर्समध्ये, म्हणजे ‘डेक्कन हॉर्स’मध्ये. डाव्या बाजूच्या टेकडीवरून मशीनगनांचा आणि सुमारे दोनशे पायदळाचा मारा होत असलेला पाहून त्यांनी अवघे सहा स्वार बरोबर घेतले आणि टेकडी काबीज केली. माथ्यावर एक मशीनगन एकट्याने हस्तगत करताना त्यांना मरणाची जखम झाली. परंतु प्राण जाण्यापूर्वी शत्रूने शस्त्रे खाली ठेवली होती. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायाला या पदकाचे दार १९११ पर्यंत बंदच होते!

हा रिसाला निजामाच्या घोडदळातून, पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणविल्या गेलेल्या फौजेतून आलेला. तिच्या घोडदळाची एक छावणी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पैसा रयतेचा, असा हा अजब व्यवहार. तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली.

युद्ध साम्राज्याचे होते, मग त्यात पडलेल्याचा गौरव कशाला, असे विचारणारे आहेत. प्रश्न रास्त आहे. तुर्कांनी रोहतकच्या शेतकऱ्याचे काही बिघडविले नव्हते. रिसालदार कितीही मुरलेला असला तरी नव्या गोऱ्या लेफ्टनंटाच्या हाताखालीच. आणि बदलूसिंगांच्या मृत्यूला सात महिने पुरे होण्याआधी त्याच सरकारने जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या. पण सरकारचे पाप सहा स्वारांनिशी टेकडी चढणाऱ्याच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. आणि त्याच्या शौर्याचे पांघरूण त्या सरकारवर घालणेही नाही.

कैरोजवळील हेलिओपोलिस येथे बदलूसिंगांचे नाव कोरलेले आहे. अंबाजोगाईच्या नगरपरिषदेने जुन्या छावणीच्या जागी ते मराठीत लावावे, अशी आमची सूचना आहे. मात्र त्या फलकावर पदकाबरोबर १८५३ चा तहही लिहावा.