पोत्यावरचा दर

'घरी काय करतात?' हा प्रश्न होस्टेलच्या ओळख परेडपासून व्हायवापर्यंत सगळीकडे असतो. 'शेती' म्हटलं की विषय संपतो. पण माझे धाकटे चुलते, आमचे तात्या, शेतात खत टाकायचा ठेका घेतात असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नक्की काय?"

तर ऐका. दौंड तालुक्यात केडगाव-पारगावच्या बाजूला आणि भीमा ओलांडली की शिरूरच्या न्हावरे, मांडवगण फराट्यापर्यंत जिकडे बघाल तिकडे ऊस. या पट्ट्यात तात्यांची दहा-बारा माणसांची टोळी फिरते. उन्हाळ्यात शेणखत, कोंबडखत विस्कटायचं, एरवी उसाला रासायनिक खत द्यायचं. काम उक्तं, म्हणजे अंगावर घेतलेलं. शेणखताचा दर ट्रॉलीवर आणि रासायनिक खताचा पोत्यावर. माझं सगळं भांडण या 'पोत्यावर' शब्दाशी आहे.

पोत्यावर दर म्हटल्यावर काय होतं बघा. ज्याची गोणी लवकर रिकामी, त्याला रोज जास्त. मग पाटी काखेत मारायची, मूठ भरायची आणि सरीत फोकत सुटायचं. दुपारच्या आत रान उरकतं. शेतकरी खूश, मजूर खूश. नाखूश फक्त ऊस, पण त्याला कोण विचारतो!

फर्स्ट इयरला केमिस्ट्री सुटली ती कायमची, असं समजणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. युरियात 46 टक्के नत्र असतं. तो ओलसर जमिनीवर उघडा पडला की युरिएज नावाचं विकर त्याचं विघटन करतं आणि त्यातला बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. जमीन चुनखडीची असेल तर जास्तच. खोडव्यात पाचट पसरलेलं असेल तर त्यावर पडलेला युरिया मातीपर्यंत पोचायच्या आधीच वाटेला लागतो.

म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शिफारस केली की खोडव्याला खत पहारीने द्या. बुडख्यापासून 10 ते 15 सें.मी. लांब, 10 ते 15 सें.मी. खोल भोक, दोन भोकांत 30 सें.मी. अंतर, खत टाकून भोक बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका अंगाला, दुसरा 130 ते 135 दिवसांनी दुसऱ्या अंगाला.

आता कॅल्क्युलेटर काढा. चार फुटी सरी, एकर म्हणजे साधारण 4000 चौरस मीटर. सगळ्या सऱ्यांची लांबी झाली 3300 मीटरच्या आसपास. दर 30 सें.मी.ला एक भोक. एकरी 11 हजार भोकं! एक जण पहार मारतो, दुसरा खत सोडून पायाने माती लोटतो. सुट्टीत मी ही पहार मारलेली आहे. संध्याकाळी भाकरी मोडताना हात थरथरतो, एवढंच सांगतो.

पहारीच्या कामाला तात्या एकरावर दर मागतात. मग बांधावरच दुसरा मुकादम पोत्यावर दर सांगतो आणि काम घेऊन जातो. गेल्या हंगामात तात्यांची बरीच कामं अशी गेली. टोळीतली दोन जोडपीही तिकडेच गेली, कारण तिकडे रोज जास्त पडतो.

यात शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे फॅशन आहे. पण त्याचा हिशेब बघा की. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती भोकाभोकात घालायची मजुरी गोणीपेक्षा महाग पडते. तो म्हणतो, "एक गोणी जादा टाका, पण फोकून मोकळं करा." त्याच्या खिशापुरतं गणित बरोबर आहे. उडालेल्या युरियाची सबसिडी देश भरतो आणि विहिरीत उतरलेलं नायट्रेट गाव पितं, ते त्याच्या वहीत कुठे येतं?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दर पोत्यावरून एकरावर आणि खोलीवर आला पाहिजे. आणि तो शेतकरी मेळाव्यातल्या भाषणांनी येणार नाही. खोल खत देणं फोकण्याइतकं स्वस्त झालं तरच येईल. म्हणजे हे काम कृषी खात्याचं कमी आणि आपल्या वर्कशॉपचं जास्त.

अमेरिकेत ओहायो राज्यात जोसेफ ओपनहाईम नावाचे एक शाळामास्तर होते. शेणखत टाकायचा हंगाम आला की त्यांची मोठी मुलं वर्गातून गायब. (आपल्या एचओडी सरांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.) मास्तरांनी डिटेन्शनची यादी लावली नाही. मुलं चेंडूफळी खेळताना चेंडू फळीच्या कोनाप्रमाणे बाजूला उडतो हे त्यांनी पाहिलं आणि 1899 साली तिरप्या पात्यांचं, खत रुंद फेकणारं यंत्र तयार केलं. आपण काय करतो? बुधवार पेठेतून किट आणतो आणि काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो एक्स्टर्नलला दाखवतो. तो रोबो पुढे पलंगाखाली जातो.

असं नाही की कुणी काहीच केलेलं नाही. बारामतीजवळ माळेगावच्या केंद्रीय संशोधन संस्थेने 'सोर्फ' नावाचं यंत्र काढलंय. ट्रॅक्टरमागे जोडलं की ते खोडव्याचे बुडखे तासतं, जुन्या मुळ्या तोडतं आणि पाचटाच्या रानातही खत मातीआड पेरतं. उत्तमच आहे. पण ते तोडणी झाल्या झाल्या चालवायचं. दुसऱ्या हप्त्याला ऊस उभा असतो, तिथे ट्रॅक्टर घालणार कुठून? ड्रोनची हवा सध्या जोरात आहे, 2023 पासून बचत गटांच्या महिलांना ड्रोन द्यायची केंद्राची योजनाही आहे. पण तो पानांवर फवारतो, बुडख्याशी भोक पाडत नाही.

राहिला तो दुसरा हप्ता, एकरी 11 हजार भोकांचा. उभ्या उसातून एका माणसाला ढकलत नेता येईल एवढं अरुंद, पाचटात न अडकणारं, 15 सें.मी. खोल जाणारं, मोजून खत सोडणारं आणि टोळीच्या मुकादमाला स्वतःच्या पैशाने घेता येईल असं यंत्र हवंय. मेकॅनिकलवाल्यांनी चाक आणि टोचा बघावा, ईअँडटीसीवाल्यांनी मोजमाप. चाचणीसाठी तात्यांनी आमच्या खोडव्यातल्या चार सऱ्या द्यायचं कबूल केलंय. ऊस जानेवारीत तुटेल, म्हणजे दुसरा हप्ता मे अखेरीला. पेपर त्याच सुमारास असतात हे तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ऊस काय थांबतोय का तुमच्या पेपरांसाठी?"