पट्टा होता, मालक नव्हता

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती लंगडत. शिकवणीहून घरी जाताना कोंबडीच्या दुकानासमोर तिच्या पिंडरीला कुत्रा चावला होता. घरच्यांनी जखमेवर हळद आणि चुना लावला होता. त्याच दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. लस सुरू झाली. दुसऱ्या डोसानंतर आई म्हणाली, "सर, जख़्म तो सूख गया, अब काहे की सुई?" रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे समजावत शेवटच्या डोसापर्यंत मला त्यांच्या घरी चार चकरा माराव्या लागल्या.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुत्रा पाळीव आहे का? दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येईल का?" कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता, हे मुलीला पक्कं आठवत होतं. मी गल्लीत विचारून पाहिलं. कुणीच 'आमचा' म्हणालं नाही. त्याला लस दिलेली आहे की नाही, एवढंच सांगायला एक माणूस पुढे आला असता तर त्या आईच्या चार रात्री बऱ्या गेल्या असत्या.

गल्लीत मात्र मतं पुष्कळ होती. एक जण म्हणाला विष घाला. दुसरा म्हणाला मनपा झोपली आहे. एक बुजुर्ग म्हणाले, "आपण मुसलमान. आपण कुठे कुत्री पाळतो? हा आपला मसलाच नाही."

या तिसऱ्या मताबद्दल मला बोलायचं आहे.

आपल्या नागपूरचंच प्रकरण आठवून पाहा. २० ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत, मनपाकडे नोंद करावी. रस्त्यावर खाऊ घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. देशभर चर्चा झाली. महिनाभरातच, १६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रोखली आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्यायला मनपाला सांगितलं. भूतदयेपोटी भाकरी टाकणाऱ्यावर मालकी लादता येत नाही, हे मला पटतं. पण खंडपीठाने विचारलेला प्रश्न त्यामुळे संपत नाही. ज्याच्या हातचं खाऊन जनावर तिथे टिकतं, त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही का?

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. आपण कुत्री पाळत नसू, पण पोसतो. चिकन सेंटरच्या मागे पिसं आणि आतडी पडतात, दावतीनंतर हाडांची पिशवी नालीच्या काठाला जाते, बकरीदला तर विचारूच नका. ज्या गल्लीत रोज फुकट मेजवानी, तिथे कुत्र्यांचा घोळका जमणारच. कुणी प्रेमाने खाऊ घालतो, आपण बेफिकिरीने घालतो. प्रेमाने घालणारा निदान कुत्र्याला ओळखतो, कधी लसही टोचून आणतो.

आणि आपण जनावरं पाळत नाही, हेही खरं नाही. बकऱ्या आहेत, कोंबड्या आहेत, मांजरी आहेत. हौसेने आणलेलं आणि मोठं झाल्यावर सोडून दिलेलं कुत्र्याचं पिल्लूही आहे. माझ्या विद्यार्थिनीला चावलेला कुत्रा बहुधा असाच कुणाचा तरी.

कायदा इथे स्पष्ट आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव जनावराची लस, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर हवी आणि घाण उरता कामा नये. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. इतक्या पैशात आता पाव किलो चिकनही येत नाही. आणि विष घालणाऱ्यांनीही ऐकावं, तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

आपल्या दीनमध्ये याची शिकवण कमी नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्यात पाणी काढून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही हदीस आपण तक़रिरीत नेहमी ऐकतो. तितकीच प्रसिद्ध दुसरी हदीस मांजरीची आहे. एका बाईने मांजर डांबून ठेवली, खायलाही दिलं नाही आणि स्वतः शोधून खायला मोकळीही सोडली नाही, त्यापायी ती अज़ाबाला पात्र ठरली. पहिलीत बेवारस जनावरावर रहम आहे, दुसरीत ताब्यातल्या जनावराचा हिशेब. पहिली सांगताना आपला आवाज भरून येतो. दुसरी सांगायची वेळ आली की आपण कुत्रा 'आमचा नाही' म्हणतो.

मनपाला मी सूट देत नाही. नसबंदी आणि लसीकरण नियमित झालं पाहिजे, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. पण शाळेच्या फाटकाबाहेरच हाडांचा ढीग असेल, तर आत कुंपण घालून काय होणार?

म्हणून मशिदीच्या कमिटीला, दुकानदार भावांना आणि पालकांना माझी विनंती आहे. दुकानाचा कचरा झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून गाडीतच जावा. जुमाच्या नमाज़ीनंतर एकदा तरी हे सांगितलं जावं: कुत्रा चावला की जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची लावू नका, लगेच दवाखाना गाठा, सगळे डोस पुरे करा. आणि ज्याने पट्टा बांधला आहे त्याने मनपात नोंद करावी, लसीचं कार्ड घरात ठेवावं. उद्या त्याच्या कुत्र्याने कुणाच्या मुलाला चावलं, तर ते कार्ड घेऊन त्या घराचं दार त्याने स्वतः वाजवावं.