तोंड पाहून भाव



या वेळचा विषय जरा श्रीमंती आहे. दोन माणसांची, छत उघडणारी लाल स्पोर्ट्स कार आणि ती घेताना शोरूममध्ये झालेली घासाघीस. पोटगी, रेशनकार्ड आणि रोजंदारीबद्दल लिहिणाऱ्या आपल्या त्रैमासिकात ही गाडी शिरली कुठून, असं काही जणी विचारतील. आमच्या बैठकीतही विचारलं गेलंच. एक जण म्हणाली, "मग पुढचा अंक विमानांवर काढू या!" तरी मी हट्टाने लिहिते आहे. एकाच वस्तूसाठी बाईला पुरुषापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात का, हे काटेकोरपणे मोजून पाहण्याचं एक मोठं काम झालं, ते नेमकं मोटारींच्या शोरूममध्ये. आणि त्या कामाची गोष्ट आपल्या स्कूटरपर्यंत, शिलाई मशीनपर्यंत येऊन पोचते.

गोष्ट अमेरिकेतली, शिकागो शहराच्या परिसरातली. इयान एअर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी काही तरुण स्त्रीपुरुषांना गिऱ्हाईक बनवून शोरूममध्ये पाठवलं. कोणी गोरे, कोणी काळे. शिक्षण साधारण सारखं, कपडे सारख्या धाटणीचे, बोलण्याची पद्धत आधी घोटून घेतलेली. किती वेळ गप्प बसायचं, कधी उलट भाव सांगायचा, कितीने वाढवायचा, सगळं ठरलेलं. कर्जाची सोय आपली आपण करू, हेही सगळ्यांनी सारखंच सांगायचं. म्हणजे घासाघिशीचं कौशल्य हा मुद्दाच उरला नाही. फरक उरला तो चेहऱ्याचा. १९९१ साली 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या पुरुषाकडून शोरूम गाडीमागे शंभर रुपये नफा मागत असेल, तर गोऱ्या बाईकडून एकशेचाळीस मागत होतं. काळ्या पुरुषाकडून दोनशेच्या वर, आणि काळ्या बाईकडून तीनशेच्याही वर.

१९९५ साली एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी तीनशेहून अधिक सौद्यांवर आधारलेला दुसरा निबंध प्रसिद्ध केला. त्यात उतरंड थोडी बदलली. सर्वांत जास्त भाव काळ्या पुरुषांना सांगितला गेला होता. पण गोऱ्या पुरुषाला सर्वांत स्वस्त, ही गोष्ट काही बदलली नाही.

पहिल्या पाहणीतली एक नोंद मला आकड्यांपेक्षा जास्त लागली. गिऱ्हाईक बाई असली की शोरूममधली विक्रेती बाई पुढे येई, काळं असलं की काळा विक्रेता पुढे येई. आपल्यातलं माणूस भेटलं म्हणून गिऱ्हाईक सैलावत असेल. आणि हेच आपल्यातलं माणूस त्याला अधिक वाईट भाव देत होतं. 'बाईच बाईची शत्रू' म्हणणाऱ्यांना हे आयतं कोलीत वाटेल, म्हणून सांगते, कोणत्या गिऱ्हाइकापुढे कोणी जायचं आणि किती नफा काढून आणायचा याचं तंत्र त्या विक्रेतीने बसवलेलं नसतं. तिचा पगार त्या नफ्यावर ठरतो.

आता लाल गाडीकडे. माझी भाची शिकागोच्या एका उपनगरात राहते. मागच्या वर्षी मी दोन महिने तिच्याकडे होते. तिला कॉलेजात असल्यापासून अशी गाडी हवी होती. पैसे तिने साठवलेले, आणि गाडी क्लच-गिअरची हवी हा तिचा आग्रह. अमेरिकेत अशी गाडी चालवणारी माणसं आता थोडी. ही मात्र कोल्हापुरात शिकलेली. जावयाला क्लच येत नाही. तरी शोरूमच्या माणसाने किल्ली पुढे केली ती जावयापुढेच. जावई म्हणाला, "गाडी तिची, पैसे तिचे, आणि मला तर ही चालवताही येत नाही." तो माणूस मोकळेपणाने हसला, भाचीला म्हणाला, रंग फार सुंदर निवडलात. मग इंजिनाबद्दल तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने जावयाकडे बघून दिलं. मला म्हणाला, साडी छान आहे. भाची मला आधीच सांगून ठेवून होती, "मावशी, तू फक्त बस आणि बघ." मी बसले आणि बघितलं.

तिथे गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवलेला असतो. १९५८ सालच्या कायद्याने तो सक्तीचा आहे. त्या कायद्यामागे उभ्या राहिलेल्या सिनेटरच्या नावावरून त्याला 'मनरोनी' कागद म्हणतात. पण त्यावरची किंमत ही कारखान्याने सुचवलेली असते, शोरूमला बांधून घालणारी नसते. भाचीच्या गाडीवर साडेतेहतीस हजार डॉलर लिहिलं होतं. त्याशेजारी शोरूमचा आणखी एक कागद: 'बाजारभाव समायोजन', अडीच हजार. वर रंगावरचा लेप आणि काचेवर नंबर कोरणं, अकराशे. हा लेप आधीच लावलाय, काढता येणार नाही, असं उत्तर मिळालं. झाले सदतीस हजार शंभर, आणि कर अजून वेगळाच.

भाचीने आकडा खाली आणायला सुरुवात केली तेव्हा त्या माणसाने कोरा कागद घेतला, उभी-आडवी रेघ मारून चार चौकोन केले. एकात गाडीची किंमत, एकात जुन्या गाडीचे येणारे पैसे, एकात सुरुवातीला भरायची रक्कम आणि चौथ्यात महिन्याचा हप्ता. मग एकच प्रश्न त्याने तीन तऱ्हांनी विचारला: महिन्याला किती परवडेल? घरखर्चाचा हिशेब महिन्यावर बसवणाऱ्या कोणत्याही बाईला हा प्रश्न समजूतदार वाटेल. गोम त्यातच आहे. महिन्याला पाचशे डॉलर, साठ महिने, म्हणजे तीस हजार. हप्ता पन्नासने कमी करून महिने बहात्तर केले की होतात बत्तीस हजार चारशे. गिऱ्हाइकाला पन्नास सुटल्यासारखे वाटतात आणि चोवीसशे जास्त जातात. एका चौकोनात कमी केलेलं दुसऱ्या चौकोनात भरून निघतं. नजर मात्र चौथ्यावरच खिळवून ठेवायची.

दर थोड्या वेळाने तो उठून "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून काचेच्या खोलीत जायचा. मी मोजलं, पाच वेळा. (आपल्याकडे साडीच्या दुकानातून सुटका करून घ्यायला बायका "ह्यांना विचारून सांगते" म्हणतात, तेच हत्यार. फरक इतकाच की इथे ते दुकानदाराच्या हातात होतं.) चार तास गेले. सौदा ठरला असता तर पुढे आणखी एक खोली होती, कर्जाच्या कागदपत्रांची. तिथे वाढीव हमी विकतात, आणि बँकेने दिलेल्या व्याजदरावर शोरूम स्वतःचा थोडा चढवू शकतं. भाचीने तो टप्पा येऊच दिला नाही. ती उठली.

घरी आल्यावर तिने पाच शोरूमना एकसारखं पत्र पाठवलं. गाडी ही, रंग हा, गिअर हा. दारातून बाहेर काढेपर्यंत एकूण किती, ते ओळीओळीने लिहून द्या, फोन करू नका. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने फोन केला. दोघांनी लेखी आकडे दिले. त्यातल्या एकाकडून, साठेक मैल लांब जाऊन, तिने गाडी आणली. कर सोडून बत्तीस हजार सहाशे. पहिल्या ठिकाणच्या आकड्यात आणि यात साडेचार हजारांचा फरक.

पहिल्या शोरूमने तिला बाई म्हणून, शिवाय तपकिरी बाई म्हणून तो आकडा सांगितला का? मला सांगता येणार नाही, तिलाही नाही. कदाचित सगळ्यांनाच सांगत असतील. एकट्या गिऱ्हाइकाला हे कधीच सिद्ध करता येत नाही, आणि हा व्यवहार टिकून आहे तो याच्याच जोरावर. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काय दिलं ते तिला दिसत नाही. आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. काचेच्या शोरूममध्ये रुमाल दिसत नाही एवढंच. अमेरिकेत तो रुमाल उचलायला एका प्राध्यापकाला खोटी गिऱ्हाइकं पाठवावी लागली.

कायद्याचं काय? १८६६ सालच्या नागरी हक्क कायद्याने तिथे करार करताना वंशावरून भेद करायला मनाई आहे. बाई म्हणून जास्त पैसे लावले तर त्याला अडवणारा तसा देशभराचा कायदा नाही. काही राज्यांनी आपापले केले आहेत. कर्जाच्या बाबतीत मात्र १९७४ च्या कायद्याने लिंगावरून आणि वैवाहिक स्थितीवरून भेद करायला बंदी आली. त्याआधी नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज नाकारलेल्या बायका काही थोड्या नव्हत्या. म्हणजे बाईला स्वतःच्या सहीने कर्ज मिळू लागलं. ते कितीच्या गाडीसाठी घ्यावं लागेल, हे शोरूमवर राहिलं.

पूर्ण किंमत आधीच उघड सांगा, लेपासारख्या निरुपयोगी गोष्टी गळ्यात मारू नका, असा नियम तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने २०२३ च्या डिसेंबरात केला होता. शोरूमवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये तो नियम करण्याच्या प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द झाला. लागू होण्याआधीच गेला.

या विषयावर बायकांना दिला जाणारा नेहमीचा सल्ला मला ठाऊक आहे. घासाघीस शिका, आवाज ठाम ठेवा, नाहीतर कोणा पुरुषाला बरोबर न्या. शिकायला माझी ना नाही. पण शिकागोतल्या त्या गिऱ्हाईक बायकांना पुरुषांइतकंच शिकवलेलं होतं, एकच संवाद पाठ करून त्या गेल्या होत्या, तरी भाव जास्तच आला. मग शिकवणीची गरज नक्की कोणाला आहे? पुरुष बरोबर नेण्याच्या सल्ल्याबद्दल तर काय बोलावं. जावयाला नेलं होतंच की.

उपयोग कशाचा होतो, याचेही दाखले आहेत. १९९० साली 'सॅटर्न' नावाच्या गाड्या बाजारात आल्या, एकच भाव, घासाघीस नाही. बायकांनी त्या मोठ्या संख्येने घेतल्या. (पुढे २०१० मध्ये ते नाव बंद झालं, पण जनरल मोटर्सच्या दिवाळखोरीच्या धबडग्यात, एकच भाव ठेवला म्हणून नव्हे.) २००३ साली फिओना स्कॉट मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून आधी भाव मागवून घेतलेल्या गाड्यांचे आकडे तपासले. शोरूममध्ये काळ्या आणि स्पॅनिशभाषी गिऱ्हाइकांना जो सुमारे दोन टक्के जादा भाव पडत होता, तो तिथे जवळजवळ नाहीसा झाला होता. गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या भावाबद्दलही एक पाहणी झाली. काहीच माहीत नाही असं दाखवणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा जास्त आकडा सांगितला गेला. 'या कामाला इतके पडतात असं कळलंय' एवढं म्हटल्यावर फरक मिटला. आणि कमी करा असं स्पष्ट मागितल्यावर पुरुषांपेक्षा बायकांना अधिक वेळा कमी करून मिळालं. भाव आधी आणि तोंड नंतर, असा क्रम लागला की फरक पडतो.

आपल्याकडे अशी मोजणी करायची झाली तर कुठून सुरुवात करावी? मंडईतून नको. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपये सोडवणाऱ्या बाईचं घरात कौतुक होतं, आणि समोर जमिनीवर बसलेली असते ती बाईच. हीच कौतुक झालेली बाई वातानुकूलित शोरूममध्ये गेली की तिला खुर्ची मिळते, सरबत मिळतं आणि "साहेब आले नाहीत का?" हा प्रश्न मिळतो. साताऱ्याकडच्या एका परिचारिका वाचक मैत्रिणीने कळवलंय की तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेल्या स्कूटरवर सूट किती, हे शोरूमने फोन करून तिच्या नवऱ्याला सांगितलं.

गाडीची 'ऑन रोड' किंमत म्हणून जो एक आकडा आपल्याला सांगतात, तो सुटा करून मागायला हवा. रस्ता कर आणि नोंदणीचं शुल्क सरकार ठरवतं, तिथे घासाघीस नाही. विमा त्याच शोरूमकडून घ्यायची सक्ती नाही, बाहेरून भाव मागवता येतो. सीटकव्हर, मॅटिंग, लेप हे आपल्या मर्जीचे. 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ दिसली तर हे कोणत्या कामाचे, ते लेखी विचारावं. बऱ्याचदा ती ओळ विचारल्यावर गळते. सूट कोणाला किती दिली, याची तुलना मात्र एकटीने जमणारी नाही. त्यासाठी पुष्कळ कागद एका ठिकाणी यावे लागतात.

तर ते कागद आमच्याकडे पाठवा. गेल्या दोन वर्षांत स्कूटर, मोटारसायकल, गाडी घेतलेली असेल तर शोरूमच्या दरपत्रकाची प्रत, नाव, पत्ता, फोन आणि गाडीचा नंबर काळ्या शाईने खोडून. कागदाच्या मागे एवढंच लिहा: गाव, महिना, गाडीचं मॉडेल, भाव करायला कोण गेलं होतं, एकटी की कोणाबरोबर, आणि शेवटी हातात किती सूट पडली. पुरुषांचे कागदही हवेत, त्यांच्याशिवाय तुलना होणार नाही. भाऊ, नवरा, ऑफिसातले सहकारी यांच्याकडून मागून घ्या. त्याच गावातले, त्याच मॉडेलचे, त्याच महिन्याचे पुरेसे कागद जमले तर शेजारी शेजारी मांडून पुढच्या अंकात तक्ता छापू. शोरूमची नावं छापणार नाही. आकडे छापू.