ओझे उचलून देणे आणि ओझे वाहून नेणे

हैदराबादहून जेद्दाहला जाणाऱ्या विमानात शिरलो तेव्हा निम्मे विमान आपल्याच भागातले वाटत होते. गळ्यात टूरवाल्याचे ओळखपत्र, एकसारख्या पिशव्या, कोणी देगलूरचे, कोणी उदगीरचे, कोणी औशाचे. बहुतेकांचा हा पहिलाच विमानप्रवास. माझ्या पुढच्या रांगेत साठी ओलांडलेल्या एक खाला उभ्या होत्या. बॅगेला सुतळीचे दोन वेढे. वरचा कप्पा उघडा होता, पण त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. मागे रांग तुंबली. कोणीतरी ओरडले, "चलो भई, आगे चलो!" खाला ओशाळल्या आणि बॅग मांडीवर घेऊन तशाच बसल्या.

आजूबाजूला आम्ही पाच-सहा धडधाकट पुरुष होतो. कोणी मोबाइलमध्ये, कोणी खिडकीबाहेर बघत. त्यात मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

माझ्या बसून राहण्याला एक कारण होते. दोन-तीन वर्षांपूर्वी देशातल्याच एका प्रवासात एक बाई बॅग वर ठेवण्यासाठी धडपडत होत्या. मी काही न विचारता हात पुढे केला. त्यांच्या यजमानांनी माझ्या दाढीकडे पाहिले, टोपीकडे पाहिले आणि बॅग माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. एक शब्दही बोलले नाहीत. पुढचे दोन तास मी मान खाली घालून बसलो आणि मनाशी ठरवले, आता कोणाच्या सामानाला हात लावायचा नाही. आपल्यापैकी अनेकांनी असे कधी ना कधी ठरवले असेल. अपमान झाला की माणूस आधी आपला चांगुलपणा आवरून घेतो, कारण तेवढेच त्याच्या हातात असते.

पण मांडीवर बॅग घेऊन बसलेल्या खाला पाहिल्या आणि अब्बांची आठवण झाली. अब्बा नांदेडच्या मोंढ्यात हमाल होते. ते सांगायचे, हमाल कितीही ताकदीचा असला तरी भरलेले पोते एकट्याने पाठीवर घेत नाही. दोघे जण दोन्ही बाजूंनी उचलून लादतात, मग तो चालू लागतो. चालणे त्याचे एकट्याचे, पण उचलणे तिघांचे. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या माणसांनी शंभर किलोचे पोते पन्नासवर यावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. किती ओझे माणसाने उचलावे, हा आपल्याकडे नेहमीच गंभीर प्रश्न राहिला आहे.

विमानातली बॅग सात किलोची. सात किलो म्हणजे काय मोठे, असे तरुणांना वाटते. पण सात किलो हातात धरून चालणे वेगळे आणि तेच डोक्याच्या वर नेऊन आत सरकवणे वेगळे. मधुमेहाच्या रुग्णांचे खांदे आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. कोणाचे ऑपरेशन झालेले असते, कोणाची उंचीच कमी असते. हे बाहेरून दिसत नाही.

"ते हवाईसुंदरीचे काम आहे," असे एक उत्तर हमखास मिळते. आपल्या देशात नियम दर पन्नास आसनांमागे एक कर्मचारी असा आहे. म्हणजे १८० आसनांच्या विमानात चौघे. त्यांचे पहिले काम प्रवाशांची सुरक्षा. प्रत्येकाची बॅग ते उचलू लागले तर संध्याकाळपर्यंत त्यांची कंबर जाईल. म्हणूनच अनेक विमान कंपन्या त्यांना जड सामान एकट्याने उचलू नका असे सांगतात.

खरे तर आपण मराठवाड्यातले लोक या बाबतीत मागे नाही. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारेही आपणच आणि अनोळखी बाईचे गाठोडे, तिचे लेकरू हातोहात आत घेणारेही आपणच. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्याने आपली तहान वाहिली. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जा. जोडेघरात चांगल्या घरची माणसे अनोळखी लोकांच्या चपला हातात घेतात, कोणाचे नाव-गाव न विचारता. मग विमानात चढल्यावरच आपल्याला काय होते? मला वाटते, तिकिटाचे पैसे जास्त दिले म्हणजे कोणाकडे बघायची गरज उरत नाही, असा आपला समज होतो. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. तासाभराच्या प्रवासातल्या काही जागांना अडीच हजारांची मर्यादा होती. विमान सामान्यांपर्यंत यावे हाच त्यामागचा हेतू. सामान्य माणूस विमानात आला, पण एसटीतली रीत मात्र खालीच राहिली.

इस्लामच्या शिकवणीत तर याचा थेट उल्लेख आहे. एखाद्याला त्याच्या जनावरावर बसायला हात देणे किंवा त्याचे सामान वर चढवून देणे हीसुद्धा सदका आहे, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सदका म्हटले की आपल्याला खिसा आठवतो. इथे खिशाचा संबंध नाही. उंटाच्या जागी विमान आले, एवढाच फरक. उमऱ्याला निघालेल्या माणसांच्या विमानात एका खालाला बॅग मांडीवर घेऊन बसावे लागत असेल, तर आमच्या इबादतीची सुरुवातच चुकली म्हणायची.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर या लेखाने कोणाचे तरी नुकसान होईल. ओझे उचलून देणे वेगळे आणि दुसऱ्याचे ओझे वाहून नेणे वेगळे. मालकाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या सांगण्यावरून बॅग वर ठेवून दिली, तिथे तुमचे काम संपले. मात्र "भाईजान, एवढी पिशवी तपासणीतून घेऊन चला, माझे वजन जास्त होतेय," किंवा "आमचा पोरगा रियाधला आहे, एवढी औषधे त्याला द्या," असे कोणी म्हटले तर हात जोडून नकार द्या. गल्फमध्ये जाणाऱ्याच्या हाती पार्सल देण्याची आपल्या गावांत जुनी पद्धत आहे. तिच्यामागे बहुतेक वेळा प्रेमच असते. पण अमली पदार्थांसंबंधीचा १९८५ चा कायदा असा आहे की, माल तुमच्या ताब्यात सापडला तर मला माहीत नव्हते हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. सौदीत तर अशा तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आत काय आहे हे ठाऊक नसलेली पिशवी भोळेपणाने नेणाऱ्याला कोणताही न्यायाधीश भोळा म्हणून सोडेल, या भरवशावर राहू नका. इथे नकार देणे हा उद्धटपणा नाही.

दुसरी गोष्ट, आधी विचारा. त्या दिवशी माझ्या हातातून बॅग ओढणाऱ्या गृहस्थांचे वागणे मला आजही चुकीचेच वाटते. पण न विचारता परक्याच्या बॅगेला हात घालणे हेही चूकच होते. बॅगेत कोणाचे दागिने असतात, कोणाची औषधे, कोणाच्या आयुष्याची कागदपत्रे. शिवाय काही बायकांना स्वतःच ठेवायचे असते, तो त्यांचा हक्क आहे. "मी ठेवू का?" एवढे तीन शब्द पुरतात. "नको" म्हटले तर "बरं" म्हणून बसावे. मनाला लावून घेऊ नये.

आणि तिसरी गोष्ट बॅगवाल्यांसाठी. कोणीतरी उचलेल या भरवशावर सात किलोच्या बॅगेत बारा किलो कोंबू नका. औषधे, पासपोर्ट, चष्मा आधीच छोट्या पिशवीत काढून ठेवा. झमझम किंवा तेलाची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरवरची बाटली तपासणीत काढून घेतात आणि मग रडूनही परत मिळत नाही. टूरवाल्यांनी निघण्याआधीच्या बैठकीत दुआ शिकवतात तसे हेही शिकवावे.

तर त्या विमानात मी उठलो. म्हटले, "खाला, मैं रख देतूँ?"

त्या म्हणाल्या, "रख दे बेटा. ऊपर की चैन में दवायाँ हैं, वो दे दे पैले."

चेन त्यांनीच उघडली, औषधांची पिशवी काढली. मी बॅग वर ठेवली. शेजारचा मोबाइलवाला पोरगाही उठला आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या चाचांची बॅग उचलू लागला. जेद्दाहला उतरताना तोच आधी उभा राहिला आणि खालांची बॅग त्यानेच काढून दिली. मला उठायचीही गरज पडली नाही.

पुढच्या वेळी कोणी माझी बॅग पुन्हा ओढून घेईल, तर घेईल. मी विचारणार मात्र नक्की.